दोन मांजरं, एक घर आणि पाण्याची बाटली

आमच्या चिंगी आणि भुरी चार वर्षं एकाच उशीवर झोपत होत्या. ठाण्यातलं दोन खोल्यांचं घर, त्यामुळे त्यांचा सगळा दिवस आमच्या डोळ्यांसमोरच जायचा. एका पावसाळी संध्याकाळी खिडकीच्या ग्रिलमध्ये एक परका बोका येऊन बसला. चिंगीनं काचेच्या आतून त्याला पाहिलं. तिची शेपटी फुलली, पाठीची कमान झाली आणि नेमकी त्याच वेळी भुरी आळोखेपिळोखे देत तिच्या मागून निघाली. चिंगी वळली ती थेट भुरीच्या अंगावर गेली. बघता बघता खोलीभर केसांचे पुंजके उडाले आणि भुरी फ्रिजच्या मागे जाऊन बसली. बोका केव्हाच निघून गेला होता, पण दुसऱ्या दिवसापासून भुरी नुसती दिसली तरी चिंगी गुरगुरायला लागली.

मला मिळालेला पहिला सल्ला असा: झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली हाताशी ठेव आणि चिंगी गुरगुरली की तिच्या तोंडावर मार. मी तेच केलं. आठवडाभर घर शांत होतं. मग चिंगीनं गुरगुरणं सोडलं आणि आवाज न करता झडप घालायला सुरुवात केली. अशाच एका झडपेत भुरीचा कान फाटला. तो माझ्या बाटलीमुळे फाटला हे कळायला मला खूप वेळ लागला. असं का होतं आणि बाटलीऐवजी काय करायचं, ते जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगते.

सुरुवात मांजरांच्या पूर्वजांपासून करावी लागेल. घरातलं मांजर हे आफ्रिकी रानमांजराचा वंशज. माणसाशी त्याची सोबत फार जुनी आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. पण हे रानमांजर राहतं एकटं आणि शिकारही एकटंच करतं. एक उंदीर म्हणजे एकाचं जेवण, त्यात वाटेकरी नाही. कुत्र्यांचे पूर्वज कळपात राहायचे. कळपात रोज कुरबुरी होणार, म्हणून त्या मिटवण्याच्या खुणाही त्यांच्याकडे भरपूर. मांजरांकडे हा साठा तोकडा आहे. त्यांची भांडण टाळायची मुख्य रीत म्हणजे लांब राहणं. मोकळ्या रानात ती उत्तम चालते. दोन खोल्यांच्या घरात लांब जायचं कुठे, हा प्रश्न मांजरासमोर रोज असतो.

मग मासळी बाजारात दहा-दहा मांजरं एकत्र कशी नांदतात? जिथे खाणं मुबलक तिथे मांजरं जमतात, हे खरं. पण त्या गोतावळ्याचा गाभा बहुधा नात्यातल्या माद्यांचा असतो. आई, लेकी, बहिणी. त्या एकमेकींची पिल्लंही सांभाळतात आणि परकं मांजर आलं की पिटाळून लावतात. आपण लळा लागला म्हणून दुसरं मांजर घरी आणतो तेव्हा पहिल्याच्या लेखी ते असं परकंच असतं. ही निवड आपली असते, त्याला कुणी विचारलेलं नसतं. हे मनात पक्कं बसलं की मांजराचा राग येणं निम्मं कमी होतं.

गोतावळ्यातली ओळख चालते वासावर. मांजरं एकमेकांच्या अंगाला गाल घासतात, एकमेकांना चाटतात, आणि त्यातून सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो. तो वास असेल तर आपलं. म्हणूनच एक मांजर दिवसभर दवाखान्यात राहून आलं की घरातलं दुसरं त्याच्यावर फिस्कारतं. रूप तेच असतं, पण अंगाला औषधांचा आणि परक्या जनावरांचा वास येत असतो. आपल्याला हा विश्वासघात वाटतो. घरातल्या मांजराच्या दृष्टीनं मात्र कुणीतरी अनोळखी जनावर आत शिरलेलं असतं.

भांडण दिसतं त्याच्या आधी

केस उडाले म्हणजे भांडण सुरू झालं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते महिनोन्महिने चाललेलं असतं, फक्त आवाजाविना. एक मांजर पॅसेजच्या तोंडाशी पसरून बसतं. तुम्हाला वाटतं, आराम चाललाय. पण त्या पॅसेजच्या पलीकडे लिटरचा, म्हणजे मांजराच्या शी-शूचा, ट्रे असतो आणि दुसरं मांजर अर्धा तास टेबलाखाली ताटकळत बसलेलं असतं. एक खोलीत आलं की दुसरं उठून जातं. एक रोखून बघतं, दुसरं मान फिरवून अंग चाटायला लागतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अनेक मांजरं असलेल्या २,४९२ घरांना प्रश्न विचारले होते. जवळजवळ तीन चतुर्थांश घरांत तणावाची लक्षणं मांजरं एकत्र आल्यापासूनच दिसत होती, आणि सर्वांत जास्त दिसणारं लक्षण होतं रोखून बघणं.

उलट, प्रत्येक झटापट म्हणजे भांडण नव्हे. स्लोव्हाकियातल्या संशोधकांनी मांजरांच्या आपसातल्या वागण्याचे १०५ व्हिडिओ बारकाईनं तपासून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. कुस्ती करणारी, लोळणारी मांजरं बहुधा खेळत असतात. आवाज करत पाठलाग होत असेल तर ते बहुधा भांडण असतं. मधली एक अवस्थाही त्यांनी सांगितली, जिथे खेळाचं रूपांतर भांडणात होऊ शकतं. घरी ओळखायचं तर भूमिका बदलतात का ते बघा. आधी ही वर, मग ती वर, मध्ये थांबणं, पुन्हा स्वतःहून एकत्र येणं, हे सगळं खेळात असतं. एकटीच नेहमी पळते आणि एकटीच नेहमी मागे लागते, तो खेळ नाही.

एक गोष्ट मी ठासून सांगेन. वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं राहिलेलं मांजर अचानक हल्ला करायला लागलं तर आधी त्याला पशुवैद्याकडे न्या. दुखणं लपवण्यात मांजराचा हात कुणी धरणार नाही. अमेरिकेत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले होते, त्यांतल्या ९० मांजरांच्या सांध्यांची झीज झालेली होती. दात, हिरड्या, थायरॉइड, लघवीचा त्रास यांतलं काहीही असू शकतं. कंबर दुखणाऱ्या मांजराला दुसऱ्यानं धक्का दिला की ते ओरबाडणारच. मात्र घरातली पॅरासिटामॉलची गोळी अर्धी करूनही देऊ नका. मांजरासाठी ते विष आहे.

नसबंदी झालेली नसेल तर बाकीचे उपाय नंतर. नसबंदी न झालेले दोन बोके एका घरात शांत राहतील ही अपेक्षा ठेवू नये. आणि वयाचाही भाग असतो. पिल्लं म्हणून एकत्र वाढलेली मांजरं साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात खऱ्या अर्थानं प्रौढ होतात, आणि आजवर नसलेली भांडणं नेमकी तेव्हा उपटतात.

आमच्याकडे घडलं ते याहून वेगळं होतं. ग्रिलमधल्या बोक्यापर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून चिंगीचा सगळा आवेश जवळ सापडलेल्या भुरीवर निघाला. वड्याचं तेल वांग्यावर. गंमत नाही, हा प्रकार फार नेहमीचा आहे. त्यातला खरा धोका नंतर सुरू होतो. त्या भीतीच्या क्षणी समोर भुरी होती, म्हणून चिंगीच्या डोक्यात भीती आणि भुरी यांची गाठ बसली.

बाटली का चालत नाही

मांजराला शिक्षेनं शिकवावं की बक्षिसानं, या वादाचं मर्म या गाठीपाशीच आहे.

शिकणं दोन वाटांनी होतं. पहिली वाट परिणामांची. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १८९८ मध्ये मांजरांवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. भुकेलं मांजर फळ्यांच्या खोक्यात ठेवायचं, बाहेर खाणं. आत एक दोरी किंवा खटका, तो ओढला की दार उघडतं. मांजर आधी वाटेल तसं धडपडतं, कधीतरी चुकून खटका ओढला जातो. पुन्हा पुन्हा ठेवल्यावर लागणारा वेळ कमी कमी होत जातो. ज्या कृतीनंतर बरं घडतं ती कृती टिकते, हा नियम त्यातून पुढे आला. म्हणजे मांजराला शिकवता येत नाही ही समजूत सव्वाशे वर्षांपूर्वीच खोटी ठरली आहे. (ती मांजरं उपाशी ठेवलेली होती, हे मला आजही वाचवत नाही.)

दुसरी वाट जोडीची. दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्या की एक दिसताच दुसरीची आठवण अंगात उठते. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव कुत्र्यांना खाण्याआधी दर वेळी एक आवाज ऐकवायचा; पुढे नुसत्या आवाजानंच त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं ते याच वाटेनं. यात विचार नसतो, निर्णय नसतो. कृती काही असो, भावना आपोआप चिकटते.

बाटलीवाल्यांचा युक्तिवाद पहिल्या वाटेचा आहे: गुरगुरलं की वाईट घडतं, म्हणून गुरगुरणं थांबेल. ते थांबतंही, म्हणून तर लोक इतक्या खात्रीनं सांगतात. मारणाऱ्याला ताबडतोब शांतता मिळते आणि त्याची बाटली मारायची सवय पक्की होते. पण त्याच क्षणी दुसरी वाटही चालू असते. तोंडावर पाणी आलं तेव्हा चिंगी कुणाकडे बघत होती? भुरीकडे. आधी भुरी म्हणजे भीती होती, आता भुरी म्हणजे भीती अधिक तोंडावर गार पाणी. मी रोज ती गाठ आवळत होते.

आणि गुरगुरणं थांबणं ही चांगली बातमी नव्हतीच. गुरगुरणं, फिस्कारणं हा इशारा आहे, अंतर राखायची विनंती आहे. तो इशारा मी शिक्षा करून बंद पाडला, पण आतली भीती जागेवरच होती. इशाऱ्याविना हल्ला होणार हे मग ओघानंच आलं.

टिनच्या डब्यात नाणी घालून खडखडवणं, मानगूट धरून दटावणं, चापट मारणं, सगळ्यांना हेच लागू होतं. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांबद्दल तर वेल्स देशानं २०१० मध्येच कुत्री आणि मांजरं दोघांसाठी बंदी घातली. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मांजरानं कुंपण ओलांडून रस्त्यावर जाऊ नये म्हणून असे पट्टे वापरणारे लोक म्हणतात, गाडीखाली मरण्यापेक्षा हे बरं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठानं २०१६ मध्ये अशा कुंपणाच्या मांजरांचा अभ्यास केला, तेव्हा ती इतर मांजरांपेक्षा जास्त भेदरलेली आढळली नव्हती. तो मुद्दा मी उडवून लावणार नाही. पण कुंपण ही एक ठरलेली, न हलणारी जागा आहे. ती टाळली की संपलं. घरातलं दुसरं मांजर असं टाळता येत नाही, ते चोवीस तास तिथेच असतं.

दुसरा एक मोठा मतप्रवाह म्हणजे, लढू दे, आपसात निकाल लागेल. हे कळपातल्या जनावरांवरून उचललेलं मत आहे. मांजरांच्या भांडणातून पायरी ठरून शांतता येते असं होत नाही. एक हरतं आणि मग कायम लपून राहतं. कपाटावरून खाली न येणारं, रात्री चोरून जेवणारं, कोपऱ्यात मुतणारं मांजर दिसलं तर समजा, निकाल लागलाय, आणि तो असा लागलाय. त्या मुतण्यात सूड नसतो. ट्रेपर्यंत जायची वाट सुरक्षित राहिलेली नसते.

बक्षिसानं शिकवणाऱ्यांनाही एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो: भांडखोर मांजराला खाऊ दिला तर भांडणाचंच बक्षीस होणार नाही का? नाही, कारण खाऊ भांडणानंतर द्यायचाच नाही. भांडण होण्याइतकं जवळ येण्याच्या कितीतरी आधी, दुसरं मांजर लांबवर शांत दिसतंय तेव्हा द्यायचा. भीतीला लाच देता येत नाही. घाबरलेल्या माणसाला दर वेळी पुरणपोळी दिली म्हणून तो जास्त घाबरायला शिकत नाही. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेनं २०२१ मध्ये कुत्र्यांच्या शिकवणीबद्दल बक्षिसाच्या पद्धतींच्याच बाजूनं निःसंदिग्ध भूमिका घेतली, आणि तिच्यामागची कारणं मांजरांनाही तितकीच लागू आहेत.

आधी घर, मग मांजर

शिकवणीच्या आधी घराची मांडणी बदलावी लागते, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त भांडणं इथेच मिटतात. लिटरचे ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त ठेवा, म्हणजे दोन मांजरांना तीन. पण तिन्ही बाथरूममध्ये रांगेनं ठेवले तर मांजराच्या हिशेबी तो एकच. एकानं दार अडवलं की तिन्ही गेले. जेवणाच्या वाट्या एकमेकींना दिसणार नाहीत अशा ठेवा. शेजारी शेजारी जेवायला बसवल्यानं प्रेम वाढत नाही, मांजर एकटं जेवणारं जनावर आहे. पाण्याचंही तसंच.

जमीन वाढवता येत नाही, पण उंची वापरता येते. कपाटावरची सुटकेस काढून तिथे जुनी गोधडी टाका, माळ्याचं एक दार उघडं ठेवा, भिंतीवर दोन फळ्या ठोका. महत्त्वाचं म्हणजे वर जायच्या आणि उतरायच्या वाटा दोन हव्यात, नाहीतर ती उंच जागाच पिंजरा होते. खिडकीतून परका बोका दिसत असेल तर काचेच्या खालच्या भागाला दुधी कागद चिकटवा. आम्ही तीस रुपयांचा जिलेटीन कागद लावला होता.

कोपऱ्यात लघवी झाली तर ती जागा फिनाईलनं पुसू नका. त्यातली रसायनं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, आणि पंजे चाटले की ती पोटात जातात. लघवीचे डाग मोडणारं जैविक क्लीनर मिळतं, ते वापरा. वासावरून आठवलं, मांजरांसाठी कृत्रिम गंधाचे डिफ्यूझर बाजारात आहेत. काही घरांत उपयोग झाल्याचे अभ्यास आहेत, पण पुरावा भक्कम नाही. परवडत असेल तर सोबतीला लावा, त्यावर विसंबून राहू नका.

आता गाठ सोडवण्याचं काम. पहिल्यांदा दोघींना पूर्ण वेगळं करा, एक बेडरूममध्ये, एक बाहेर. ही शिक्षा नव्हे. दोघींकडे ट्रे, पाणी, झोपायची जागा आणि तुमचा वेळ हवा. मोठ्या झटापटीनंतर मांजराचा ताव उतरायला काही तास लागतात, कधी दोन-तीन दिवसही. दिवसाआड खोल्यांची अदलाबदल करा. सुती साडीचा तुकडा एकीच्या गालावरून फिरवा आणि दुसरीच्या वाटीजवळ ठेवा. तो हुंगून ती शांतपणे जेवली की पुढे जा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, आधी चार-पाच फूट लांब, वाट्या मांडा आणि रोज थोड्या सरकवा.

पुढची पायरी दिसण्याची. इथे डासांच्या जाळीची जुनी चौकट फार कामाला येते. दारात ती उभी करा, दोघींना जाळीच्या दोन बाजूंना शक्य तितक्या लांब ठेवा, एकमेकी दिसताक्षणी उकडलेल्या चिकनचे तुकडे द्या, तुरीच्या दाण्याएवढे. दिसणं बंद, खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा आहे, आधी दुसरी दिसली पाहिजे, मग खाऊ. दोन-तीन मिनिटं पुरे. जेवणाच्या आधी करा, पोट भरल्यावर नको. कुणी रोखून बघायला लागलं, कान मागे गेले, खाणं थांबलं, तर अंतर कमी पडतंय. मागे या. घाई नडते ती इथेच. आम्हाला जाळी काढायला सात आठवडे लागले, आणि त्यात दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

याच काळात प्रत्येकीला स्वतंत्रपणे एक साधी गोष्ट शिकवा: आपल्या पाटावर जाऊन बसणं. बॉलपेनचा ‘टक’ हा आवाज खाऊशी जोडा, मग पाटावर पाऊल पडलं की टक आणि खाऊ. मांजरं हे चार-पाच दिवसांत शिकतात. पुढे कधी वातावरण तापतंय असं वाटलं की ओरडण्याऐवजी तुम्ही दोघींना आपापल्या पाटावर बोलावू शकता. मला विचाराल तर सगळ्या उपायांत हा मला सर्वांत प्रिय आहे, कारण यात मांजराला काय करू नको हे नाही, काय कर हे सांगितलेलं असतं.

जुंपलीच तर मध्ये हात घालू नका. पुठ्ठा, उशी, मोठं ताट, जे हाताला येईल ते दोघींच्या मध्ये सरकवा. एकदा जोरात टाळी वाजवून झटापट तोडणं मी चूक मानत नाही, तो आणीबाणीचा उपाय आहे. मात्र तो रोजचा झाला की ती बाटलीच झाली. मांजर चावलं किंवा ओरखडा उठून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजराचे सुळे बारीक असतात, जंतू खोल जातात, आणि आपल्याकडे रेबीजचा विचार करावाच लागतो. घरातलंच मांजर आहे म्हणून टाळू नका.

काही मांजरांची भीती इतकी खोल असते की शिकण्याइतकं स्वस्थ ती होतच नाहीत. अशा वेळी पशुवैद्य चिंता कमी करणारी औषधं देतात. त्यांना गुंगीचं औषध म्हणून नावं ठेवू नयेत. नीट दिलेल्या औषधानं मांजर पेंगत नाही, त्याला शिकायला उसंत मिळते.

आणि काही जोड्यांचं जमतच नाही. वर्षभर प्रयत्न करून एक मांजर अजूनही कपाटावर जगत असेल, तर त्याला दुसरं चांगलं घर शोधणं हा माझ्या मते दयेचाच निर्णय आहे. पण घर शोधणं वेगळं आणि पोत्यात घालून बाजारात सोडून येणं वेगळं. खेड्यात ही रीत सर्रास होती, शहरांत अजून आहे. प्राण्याला उपासमार होईल अशा रीतीनं टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. घरात वाढलेल्या मांजराला तिथल्या मांजरांच्या गोतावळ्यात कुणी थारा देत नाही.

चिंगी आणि भुरी आता एका उशीवर झोपत नाहीत. चिंगी कपाटावर असते, भुरी माझ्या पायाशी. सकाळी दोघी खिडकीत बसतात, मध्ये हातभर अंतर ठेवून. परवा भुरी शेपटी उभारून चिंगीजवळून गेली तेव्हा चिंगीनं तिचं नाक हुंगलं आणि परत डोळे मिटले. दुधी कागद मी अजून काढलेला नाही.